नानीचे घर

वाचकहो, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूजवळ एक साधे लाकडी घर जतन करून ठेवले आहे. १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद झाली. मनाने का होईना, माझ्याबरोबर तेथवर चला. बुरूज, संगमरवर असले काही शोधू नका. संयुक्त राष्ट्रसंघाचे थोर मुत्सद्दी डॉ. राल्फ बंच येथे आपल्या आजीजवळ वाढले.

१९१७ साली राल्फची आई वारली. वडिलांचे छत्रही उरले नव्हते. आजी ल्यूसी जॉन्सन हिने राल्फला व त्याच्या धाकट्या बहिणीला पदराखाली घेतले. घरचे तिला ‘नाना’ म्हणत. आपल्या घरात जिला नानी म्हणतात, तीच ही.

शाळेने राल्फला हातकामाच्या वर्गात घातले होते. काळ्या मुलाला कॉलेज कशाला, हा त्या काळचा हिशेब! नानी शाळेत गेली आणि नातू कॉलेजात जाणार आहे, त्याला तेच विषय द्या, असे तिने ठणकावले. पालकहो, खरे सांगतो, बापाचा धंदा पाहून मुलाची झेप ठरविण्याची चूक माझ्यासारख्या शिक्षकाकडूनही झालेली आहे. तेव्हा कोणी नानी माझ्यापुढे येऊन उभी राहिली नाही.

१९२२ साली राल्फ जेफरसन हायस्कुलात पहिला आला. तरी वर्णामुळे शहरातील गुणवंतांच्या मंडळात त्याला घेतले नाही. समारंभानंतर मुख्याध्यापक कौतुकाने नानीला म्हणाले की, राल्फला आम्ही कधी निग्रो मानलेच नाही. नानीने त्यांना तेथेच सुनावले. आपल्या वंशाचा तिला अभिमान होता. तो वजा करून केलेली स्तुती तिला नको होती.

पुढे राल्फने विद्यापीठात झाडलोटीचे काम करीत शिक्षण घेतले व १९२७ साली तेथेही पहिला क्रमांक मिळविला. हार्वर्डला जाण्यासाठी शहरातील कृष्णवर्णीय भगिनींनी हजार डॉलर जमवून दिले. १९३४ साली तो डॉक्टरेट झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये पॅलेस्टाईन प्रश्नातील मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेममध्ये खून झाला. ते काम बंच यांच्या अंगावर पडले. १९४९ साली इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांचे इस्रायलशी युद्धबंदीचे करार त्यांनी घडवून आणले. पॅलेस्टिनी निर्वासितांना त्यामुळे आपली घरे परत मिळाली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण तोफा थांबल्या. १९५० साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

तो दिवस पाहायला नानी नव्हती. १९२८ साली, राल्फ हार्वर्डमधून एम. ए. झाला त्याच वर्षी, ती गेली होती.