चिनी मातीचा पारखी

आपल्याकडे लोणचे मुरवायचे ते चिनी मातीच्या बरणीत, आणि पाहुण्यांना चहा द्यायचा तो चिनी मातीच्या कपबशीतून. ही भांडी आपल्या इतक्या परिचयाची आहेत, की त्यांच्या नावातील 'चिनी' या शब्दाकडे कोणाचे लक्षही जात नाही. पांढरीशुभ्र, तासलेल्या हस्तिदंतासारखी गुळगुळीत आणि टिचकी मारताच घंटेसारखी वाजणारी भांडी घडविण्याची विद्या चिनी कारागिरांनी हजार वर्षांपूर्वीच हस्तगत केली होती. युरोपातील लोकांना तिचे रहस्य १८व्या शतकाच्या आरंभापर्यंत उकलले नव्हते. या चिनी भांड्यांचा एक अपूर्व संग्रह ज्यांनी आयुष्यभर खपून जमविला, ते सर पर्सिव्हल डेव्हिड हे मूळचे आपल्या मुंबईचे.

पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्यांचे घराणे बगदादी ज्यूंचे. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या या समाजातील अनेकांनी व्यापारात मोठे नाव मिळविले होते. पर्सिव्हल यांचे वडील सर ससून डेव्हिड हे गिरणीमालक व मोठे व्यापारी होते. १९०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांच्या पेढीचा व्यवहार चीनशीही चालत असे. इंग्रज सरकारने १९११ साली त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब दिला.

घरात लक्ष्मी पाणी भरीत होती. अशा घरातील मुलाने वडिलांची गादी चालवावी, हिशेबाच्या वह्या पाहाव्यात आणि फावल्या वेळी घोड्यांच्या शर्यतींना जावे, अशीच लोकांची अपेक्षा असे. मुंबई विद्यापीठातील शिक्षण संपवून पर्सिव्हल इंग्लंडला गेले व पुढे बहुतेक काळ तेथेच राहिले. पेढीचे काम त्यांनी टाकले नाही. परंतु मन मात्र दुसरीकडेच गुंतले. लंडनमध्ये असताना त्यांना चिनी भांड्यांचे वेड लागले.

वेड हा शब्द येथे योजला आहे खरा, पण तो तितकासा बरोबर नाही. त्या काळी युरोप-अमेरिकेत चिनी वस्तू जमविणारे श्रीमंत लोक पुष्कळ होते. १९१२ साली चीनमधील बादशाही संपली, तिजोऱ्या रिकाम्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तू बाजारात येऊ लागल्या. रेल्वेचे मार्ग खणताना जुनी थडगी उघडी पडत; त्यांतून कांस्याची प्राचीन पात्रे व मातीच्या मूर्ती निघत. व्यापारी त्या परदेशी पाठवीत आणि धनिक लोक त्या दिवाणखान्यात मांडून ठेवीत. वस्तू सुंदर दिसली आणि किंमत जबर असली, म्हणजे त्यांचे समाधान होई. डेव्हिड यांचे तसे नव्हते. भांडे हाती आले, की ते कोणी घडविले, कोणासाठी, केव्हा, त्याच्या बुडावर लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ काय, असे प्रश्न त्यांना पडत. दुसऱ्याने केलेल्या भाषांतरावर विसंबून राहणे त्यांना रुचेना. म्हणून चिनी भाषेसारखी अवघड भाषा ते मोठ्या वयात शिकले आणि जुने चिनी ग्रंथ मुळातून वाचू लागले.

ही मेहनत किती आवश्यक होती, हे समजण्यासाठी जुन्या वस्तूंचा बाजार कसा असतो ते ध्यानात घेतले पाहिजे. जेथे जुन्याला सोन्याचे मोल येते, तेथे नव्याला जुने करणारेही निपजतात. ही लबाडी आजकालची नव्हे. १३८८ साली त्साव चाव नावाच्या एका चिनी विद्वानाने जुन्या वस्तूंची पारख कशी करावी यावर एक ग्रंथ रचला. कांस्याचे पात्र हजार वर्षे मातीत राहिले, तर त्यावर निळसर रंग चढतो. पाण्यात राहिले, तर कलिंगडाच्या सालीसारखा हिरवा रंग येतो. आणि खऱ्या जुन्या पात्राला रत्नासारखी स्निग्ध झाक असते, असे त्यात सांगितले आहे. तीव्र शिरक्यात नवसागराची पूड कालवून ती नव्या पात्राला फासली, म्हणजे तसाच हिरवा रंग कसा आणता येतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे कल्हईवाले ज्या नवसागराने भांडे उजळतात, त्याच नवसागराने तेथील लबाड कारागीर भांडे जुने करीत! डेव्हिड यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले आणि त्यावर अनेक वर्षे परिश्रम केले.

१९२०नंतरच्या दशकात ते चीनला गेले. पेकिंगच्या विशाल राजवाड्यात सामान्य माणसाला शतकानुशतके प्रवेश नव्हता. १९२४ साली शेवटचा बादशहा पू यी यास तेथून बाहेर काढण्यात आले आणि १९२५ साली राजवाड्याचे वस्तुसंग्रहालय झाले. तेथील भांड्यांच्या मांडणीसाठी डेव्हिड यांनी पैशाने व ज्ञानाने साहाय्य केले. राजघराण्याने त्यापूर्वीच अनेक मौल्यवान वस्तू एका बँकेकडे गहाण ठेवल्या होत्या; त्या सोडविणे काही झाले नाही. १९२७ साली डेव्हिड यांनी त्यांतील निवडक वस्तू विकत घेतल्या. जी भांडी बादशहांनी स्वतःच्या हाताने हाताळली होती, ती अशा रीतीने त्यांच्या संग्रहात आली.

त्यांत जू नावाची भांडी विशेष मोलाची होत. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सुंग घराण्याच्या दरबारासाठी ही भांडी अगदी थोडी वर्षे घडविली गेली. त्यांच्यावर चित्र नाही, नक्षी नाही. पाऊस पडून गेल्यावर ढगांच्या फटीतून दिसणाऱ्या आकाशासारखी निळी-हिरवी झिलई, एवढाच त्यांचा अलंकार. झिलई बुडालाही लागलेली असे. म्हणून भट्टीत ती भांडी बारीक टोकांवर उभी करून भाजीत आणि त्या टोकांचे तिळाएवढे ठसे बुडावर उरत. आज साऱ्या जगात ही भांडी शंभरही उरलेली नाहीत. १८व्या शतकातील छ्येनलुंग बादशहा मोठा संग्राहक होता. आपल्या आवडत्या भांड्यांच्या बुडावर स्वतःच्या कविता कोरवून घेण्याची त्याला हौस होती. परंतु कोणते भांडे कोणत्या भट्टीचे, हे सांगताना तोही कधी कधी चुकला. डेव्हिड यांनी जुन्या चिनी ग्रंथांतील जूविषयीचे उल्लेख शोधून, ते एकमेकांशी ताडून पाहून एक दीर्घ निबंध लिहिला. जूच्या भट्ट्या नेमक्या कोठे होत्या, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. होनान प्रांतात त्यांचा शोध लागला तो १९८६-८७च्या सुमारास.

परंतु डेव्हिड यांचे नाव जगभर झाले ते दोन उंच फुलदाण्यांमुळे. या दोन्ही फुलदाण्या सुमारे ६४ सेंटिमीटर उंचीच्या आहेत. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात ढगांतून जाणारा ड्रॅगन, त्याच्यावर पंख पसरलेले पक्षी, केळीची पाने, शेवंतीच्या वेली आणि समुद्राच्या लाटा चितारलेल्या आहेत. मानेला दोहों बाजूंस हत्तीच्या मस्तकाचे कान आहेत. मातीच्या भांड्याला हत्तीचे मस्तक कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे, की देवळांतून पूर्वी कांस्याची पात्रे ठेवीत. कुंभारांनी त्यांचाच घाट मातीत उतरविला. निळा रंग देण्यासाठी लागणारा कोबाल्ट इराणकडून येई. कच्च्या भांड्यावर त्याने चित्र काढावयाचे, वर झिलई द्यावयाची आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजावयाचे. एकदा रेघ चुकली की चुकली. ती पुसता येत नाही.

या फुलदाण्या दोन निरनिराळ्या संग्राहकांकडे पडल्या होत्या. डेव्हिड यांनी प्रथम एक मिळविली व पुढे दुसरीही मिळवून विखुरलेली जोडी पुन्हा एकत्र आणली. दोन्हींच्या मानेवर एक लेख आहे. यूशान भागात राहणाऱ्या चांग वनचिन नावाच्या एका भाविकाने एक धूपपात्र व फुलदाण्यांची जोडी देवळात अर्पण करून, आपल्या कुटुंबाला व मुलाबाळांना सुख-शांती लाभो, अशी प्रार्थना केली आहे. शेवटी तारीख दिली आहे. ती १३५१ सालच्या मे महिन्यातील आहे. आपल्याकडे बहामनी राज्य स्थापन होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. चीनमध्ये त्याच वर्षी मंगोल बादशाहीविरुद्ध मोठे बंड उसळले. बिचाऱ्या चांगच्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे कोणास ठाऊक नाही. त्याचे धूपपात्रही सापडलेले नाही.

त्या तारखेने विद्वानांची मोठी अडचण दूर केली. निळ्या चित्रांची अशी सफाईदार भांडी १५व्या शतकातली, म्हणजे मिंग बादशहांच्या काळातली, असा सर्वांचा समज होता. ही कला त्यापूर्वीच पूर्णत्वास पोहोचली होती, हे या फुलदाण्यांनी दाखवून दिले. ब्रिटिश म्युझियममधील हॉब्सन यांनी १९२९ साली तिकडे लक्ष वेधले, तरी कित्येकांचा विश्वास बसेना. पुढे १९५०नंतर पोप नावाच्या अमेरिकन विद्वानाने इस्तंबूल येथील व इराणमधील आर्देबिल येथील जुने संग्रह या फुलदाण्यांशी ताडून पाहिले आणि १४व्या शतकातील भांडी ओळखण्याची रीत निश्चित झाली. आज जगातील कोणत्याही वस्तुसंग्रहालयात निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्याचा काळ ठरविताना या जोडीची साक्ष काढावी लागते.

१९३५ साली लंडनमध्ये चिनी कलेचे जे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्याची धुरा डेव्हिड यांनी वाहिली. तीन हजारांहून अधिक वस्तू त्यात मांडल्या होत्या. त्यांत प्राचीन कांस्यपात्रे होती, चित्रे होती, चिनी मातीची भांडी तर होतीच. चीन सरकारने राजवाड्यातील खजिना प्रथमच समुद्रापार पाठविला. तो एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आणण्यात आला. चार लाखांहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले. या गोष्टीला चीनमधील अनेक विद्वानांचा विरोध होता, आणि तो अकारण नव्हता. १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला होता. त्याचे शल्य चिनी लोकांच्या मनात अजून ताजे होते. म्हणून वस्तू पाठविण्यापूर्वी त्यांचे शांघायमध्ये प्रदर्शन भरविले आणि परत आल्यावर पुन्हा नानकिंगमध्ये. गेले ते सारे परत आले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, असा त्यामागील हेतू होता. परतीच्या वाटेवर वस्तू नेणारे जहाज जिब्राल्टरजवळ वादळात रुतले, तेव्हा अनेकांच्या तोंडचे पाणी पळाले; परंतु वस्तूंना धक्का लागला नाही.

डेव्हिड यांनी आपल्या वस्तू पूर्ण मोल देऊन घेतल्या होत्या, हे खरे. तथापि विकणाऱ्यांवर विकण्यावाचून गत्यंतर नसण्याची वेळ आली होती, हेही तितकेच खरे. संग्राहकाचे भाग्य पुष्कळदा दुसऱ्याच्या पडत्या काळातून उगवते. हा खजिना चीनमध्येच राहावयास हवा होता, असे म्हणणारे लोक आजही आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

दुसऱ्या महायुद्धात डेव्हिड व पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या शीला शांघायमध्ये अडकल्या. जपान्यांनी त्यांना स्थानबद्ध केले. पुढे सुटका झाली. पण डेव्हिड यांची प्रकृती ढासळली ती कायमची. स्नायू दुर्बळ करणाऱ्या रोगाने त्यांना ग्रासले आणि अखेरच्या काळात ते चाकांच्या खुर्चीला खिळले. ज्या हातांनी नाजूक प्याले उचलून त्यांची पारख केली, त्या हातांत बळ उरले नाही. तरीही ग्रंथाचे काम त्यांनी सोडले नाही. शीलाबाई स्वतः चिनी कलेच्या जाणकार होत्या. त्यांची या कामी मोठी साथ होती.

आपला संग्रह लिलावात फुटू द्यावयाचा नाही, असा डेव्हिड यांचा निश्चय होता. १९५० साली त्यांनी सुमारे चौदाशे भांडी व आपले ग्रंथालय लंडन विद्यापीठास देऊन टाकले. विद्यार्थ्यांना चिनी कला शिकता यावी, म्हणून अध्यापनासाठी त्यांनी पूर्वीच देणगी दिली होती. १९५२ साली गॉर्डन स्क्वेअरमधील एका घरात हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आपली एकरंगी भांडी त्यात घातली. मुंबईच्या प्रसिद्ध गव्हर्नरांचे नाव हेच. परंतु हे त्यांच्या पुष्कळ मागाहून झालेले निराळे गृहस्थ होत.

सर पर्सिव्हल डेव्हिड १९६४ साली लंडन येथे वारले. त्साव चावच्या ग्रंथाचे त्यांचे भाषांतर छापून निघाले ते १९७१ साली. गॉर्डन स्क्वेअरमधील ते घर २००७च्या अखेरीस बंद झाले आणि २००९पासून भांडी ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात मांडण्यात आली. प्रथम ती उसनी होती. २०२४ साली विश्वस्तांनी सुमारे १७०० नगांचा हा सारा संग्रह म्युझियमला कायमचा अर्पण केला. त्या वेळी त्याची किंमत सुमारे १०० कोटी पौंड धरण्यात आली. चांग वनचिनच्या दोन्ही फुलदाण्या त्यातच आहेत.