इंदूरचे संमेलनाध्यक्ष आणि औंधचा सूर्यनमस्कार

मराठी साहित्य संमेलन १९३५ मध्ये इंदूरला भरले, तेव्हा अध्यक्षपदी एक संस्थानिक होते. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. तीनच वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीराव गायकवाडांनी भूषविले होते. त्यामुळे राजाने साहित्याच्या मांडवात अग्रस्थानी बसणे हे त्या काळाला नवे नव्हते. मात्र बाळासाहेबांचे औंध म्हणजे बडोद्यासारखे वैभवशाली राज्य नव्हे. सातारा, सांगली आणि विजापूरच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली सुमारे ७२ गावे, एवढाच त्यांचा पसारा. होळकरांच्या राजधानीसमोर तो अगदीच लहान. तरीही पासष्टी ओलांडलेल्या या गृहस्थाचे नाव साऱ्या मराठी मुलखात घरोघर ठाऊक झाले होते, आणि त्याचे कारण राज्य नव्हते. साहित्यही नव्हते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. ते कारण होते सूर्यनमस्कार.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि १८९५ पासून वडिलांच्या कारभारात चिटणीस म्हणून काम पाहू लागले. गादीवर आपण बसू, अशी खात्री त्यांना त्या वयात असण्याचे कारण नव्हते. १९०१ मध्ये वडील वारल्यावर गादी थोरल्या बंधूंकडे गेली, नंतर पुतण्याकडे; आणि अखेर १९०९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ती बाळासाहेबांकडे आली. त्यांच्या शरीरसाधनेची कथा या राज्यारोहणाच्या आधी घडली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याच्या हातात अजून कोणालाही आज्ञा देण्याची सत्ता नव्हती, अशा माणसाने स्वतःला लावलेली ती शिस्त होती.

त्या कथेची सुरुवात मात्र नमस्काराने होत नाही, ती होते युजेन सँडोने. कोनिग्सबर्गचा हा बलभीम बाळासाहेबांहून वर्षाने मोठा. पिळदार देहाचे जाहीर प्रदर्शन, डंबेल्स, ताणाचे पट्टे आणि टपालाने मागवता येणारी पुस्तके यांच्या बळावर त्याने व्यायामाचा जगभर व्यापार उभा केला होता. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याच्या कितीतरी आधी, १८९७ मध्ये, औंधच्या या तरुणाने सँडोची साधने आणि पुस्तके मागवून घेतली आणि त्यातील सूचनांप्रमाणे जवळजवळ दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. दहा वर्षे हा काळ हौसेचा नव्हे. हौस दोन महिन्यांत विरते. गावोगावच्या व्यायामशाळांत धूळ खात पडलेले मुद्गल त्याची साक्ष देतात.

आणि तरीही १९०८ मध्ये त्यांनी ती पद्धत सोडली.

हे का घडले असावे, याचा अंदाज त्यांनी पुढे नमस्काराची बाजू ज्या निकषांवर मांडली त्यांवरून येतो. दंडाचा घेर आणि छातीची रुंदी या गोष्टी त्यांच्या लेखी दुय्यम झाल्या. जठर, आतडी, फुप्फुसे, हृदय, पाठीचा कणा यांना व्यायाम मिळतो की नाही, दिवसभराच्या कामाला माणूस ताजा राहतो की नाही, म्हातारपण उशिरा येते की नाही, हे प्रश्न पुढे आले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य ही तीन उद्दिष्टे सांगितलेली आहेत. सामर्थ्याचे नाव त्यांत नाही. चाळिशी गाठलेल्या, नियमित कसरत करणाऱ्या माणसाला एके दिवशी असे जाणवते की आरंभी मिळालेला लाभ मिळून संपला आहे. श्रम तेवढेच होतात, घाम तेवढाच येतो, पण शरीर पुढे सरकत नाही.

आज वजन घटवू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव ओळखीचा आहे. पहिले चार-सहा किलो झपाट्याने उतरतात आणि मग काटा जागचा हलत नाही. लोकांना वाटते, आपला निग्रह ढळला. कधी ते खरेही असते, कारण हळूहळू ताटात वाढलेला घास लक्षात येत नाही. पण बरेचदा दोष शरीराच्या काटकसरीचा असतो. हलक्या झालेल्या देहाला चालायला-वावरायला कमी ऊर्जा लागते, आणि अन्न तुटू लागले की देह आपला आतला खर्चही आवरता घेतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून हे मोजून पाहिले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते ती सुमारे ४० टक्क्यांनी उतरली; आणि अखेरच्या आठवड्यांत वजनाची उतरंड जवळजवळ सपाट झाली. म्हणजे केवळ उपास वाढवीत नेला तर शरीरही आपले दार तेवढेच घट्ट लावून घेते. अडलेल्या ठिकाणाहून पुढे जायचे तर स्नायू राखणारा व्यायाम हवा, त्याचा भार हळूहळू चढता हवा, किंवा त्याचा प्रकार बदलायला हवा. आणि अन्न नुसते कमी नव्हे तर निराळे हवे.

बाळासाहेबांच्या वेळी यातले काही कागदावर आलेले नव्हते. त्यांनी जे केले ते मात्र याच वाटेने गेले.

बदल त्यांना दूर शोधावा लागला नाही. सूर्यनमस्कार घरातच होता. वडील श्रीनिवासराव तो नेमाने घालीत. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये या बाळासाहेबांनीही तो सुरू केला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसायला सँडोच्या पट्ट्यांतून दहा वर्षे जावे लागले, ही गंमतच. पण ती वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही. शरीराकडे पद्धतशीरपणे, क्रमाने पाहण्याची सवय त्यांना बहुधा सँडोनेच लावली. देवघरातल्या उपासनेचा आखीव व्यायाम झाला तो त्यामुळे. नमस्काराचे दहा टप्पे त्यांनी ठरविले, प्रत्येक टप्प्याला श्वास कधी घ्यावा, कधी रोखावा, कधी सोडावा हे सांगितले. हात एकदा जमिनीवर टेकले की शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. खाली वाकताना गुडघे ताठ. साष्टांग स्थितीत कपाळ, छाती, हात, गुडघे आणि पायांची बोटे टेकतील, पण पोट टेकता कामा नये. ज्याने हे काटेकोरपणे एकदा करून पाहिले आहे, त्याला त्या शेवटच्या अटीत किती कष्ट दडले आहेत ते ठाऊक असते. बीजमंत्र आणि सूर्याची नावे यांचा उच्चारही त्यांनी पद्धतीचा भाग मानला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी मंत्रामुळे गती बांधली जाते आणि मोजणी चुकत नाही, एवढा व्यवहार त्यात आहेच.

संख्येबाबत त्यांचे धोरण सबुरीचे होते. थोड्यापासून आरंभ करावा, वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे वाढवीत न्यावे, खंड पडू देऊ नये. एकाच दिवशी शंभर घालून आठवडाभर अंथरूण धरणाऱ्या उत्साहाला येथे जागा नव्हती. रथसप्तमीच्या सामुदायिक नमस्कारांनंतर दुसऱ्या दिवशी किती जण पुन्हा चटईवर उभे राहतात, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

स्वयंपाकघराकडेही त्यांचे तेवढेच लक्ष होते. न सडलेला तांदूळ, कोंडा न काढलेले पीठ, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या आणि मितभोजन, असा त्यांच्या आहारविचाराचा गाभा. पांढराशुभ्र तांदूळ आणि मैदा यांच्या मागे लागलेल्या मध्यमवर्गाला हे त्या काळी गावंढळ वाटले असेल. गोव्यात उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या पिढ्यांना त्यात नवल वाटायचे कारण नाही. नवल वाटावे ते इतकेच की एका राजाला आपल्या प्रजेला हे सांगावे लागले. सकाळी पोह्यांवर शेव आणि सोबत जिलबी घेणाऱ्या आजच्या इंदूरकरांना हा आहार कितपत मानवला असता, कोण जाणे!

गादी मिळाल्यावर हा खासगी नेम सार्वजनिक झाला. औंध संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार आवश्यक करण्यात आला, मुलांबरोबर मुलींनाही. राणीसाहेब आणि राजपुत्रही त्याला अपवाद नव्हते. १९१८ मध्ये सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले. वेदाभ्यासक, आणि बाळासाहेबांसारखेच चित्रकार. त्यांनीही या व्यायामाचा पुरस्कार केला आणि शंभर वर्षांचे आयुष्य जगून दाखविले. १९२८ मध्ये बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ मध्ये, म्हणजे इंदूरच्या संमेलनानंतर वर्षभरात, राजा-राणी इंग्लंडला गेले असता लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांच्या व्यायामावर लेख लिहिले. ते इतके वाचले गेले की १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने बाळासाहेबांचे पुस्तक मॉर्गन यांच्या संपादनाखाली इंग्रज वाचकांसाठी काढले. सँडोची पुस्तके मागविणाऱ्या माणसाचे पुस्तक चाळीस वर्षांनी उलट दिशेने गेले.

दोन गोष्टी मात्र त्यांच्या बाजूने बोलताना अडखळायला लावतात. पहिली म्हणजे नमस्काराला त्यांनी जवळजवळ सर्व रोगांवरचा उपाय करून टाकले. तेवढा भार कोणताही व्यायाम पेलू शकत नाही. दुसरी सक्तीची. ज्या माणसाने स्वतः दहा वर्षे एक पद्धत करून पाहून, मग ती सोडून दुसरी निवडली, त्याने प्रजेच्या मुलांना ती निवड दिली नाही. शाळेच्या आवारात रांगेत घातलेल्या नमस्कारांतले किती जन्मभर टिकले असतील?

हाच राजा पुढे सक्ती सोडायलाही तयार झाला, हे त्याच्या चरित्रातले मोठे वळण. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ च्या जानेवारीत औंधमध्ये जबाबदार राज्यपद्धती लागू झाली आणि बाळासाहेबांनी आपली सत्ता ग्रामपंचायतींवर उभ्या असलेल्या प्रतिनिधींच्या हाती दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचूनचा तुरुंग निघाला. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून आला. त्याआधी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे, भांडारकर संस्थेच्या महाभारताला एक लाख रुपये देऊ करणारे, रामायणाची चित्रे काढणारे, कीर्तनाला स्वतः उभे राहणारे आणि औंधच्या डोंगरावर चित्र-शिल्पांचे संग्रहालय उभारणारे ते हेच. या सर्व उद्योगांना पुरणारी कार्यक्षमता त्यांनी पुस्तकाच्या नावात का घातली, ते यावरून कळते.

इंदूरने त्यांना बोलाविले, त्या शहरालाही शरीरसाधनेचे वावडे नव्हते. १९२३ पासून होळकरांच्या आश्रयाने तेथे राहणारे कर्नल सी. के. नायडू यांनी १९३२ मध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले होते, आणि पन्नाशी गाठल्यावर, १९४६ च्या रणजी अंतिम सामन्यात, बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले. साहित्याच्या मांडवातील राजा आणि मैदानावरील कर्नल, दोघांची वये वाढत गेली आणि काम मात्र थांबले नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, ८२ व्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेत गेले, देशोदेशी राजदूत म्हणून राहिले, आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतः एक इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याचा विषय सूर्यनमस्कार होता.