संत बार्थोलोम्यू

संत बार्थोलोम्यू (मराठी बायबलमध्ये बर्थलमय, कालखंड : इ.स.चे १ले शतक) हे येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक होते. आर्मेनियातील ख्रिस्ती चर्चच्या दोन संस्थापक प्रेषितांमध्ये त्यांची गणना होते. प्राचीन लेखकांनी त्यांचा संबंध भारताशीही जोडला आहे. हा भारत म्हणजे कल्याण व त्याच्या आसपासचा कोकण किनारा असावा, असे मत काही इतिहासकारांनी मांडले आहे. मात्र त्याविषयी एकमत नाही.

नाव व ओळख

बर्थलमय हे व्यक्तिनाम नसून पितृनाम आहे. 'बार-तोल्मय' या अरामी शब्दांचा अर्थ तोल्मयाचा पुत्र असा होतो. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात बारा प्रेषितांच्या याद्या आहेत व त्या चारही याद्यांत हे नाव येते. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ते आढळत नाही. तेथे गालील प्रांतातील काना गावच्या नथनेल या शिष्याची कथा आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत बर्थलमयाचे नाव फिलिप्पाच्या नावापाठोपाठ येते आणि योहानाच्या कथेत नथनेलाला येशूकडे आणणारा फिलिप्पच आहे. यावरून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असावीत, असे मध्ययुगापासून सामान्यतः मानले जाते.

या कथेनुसार नासरेथसारख्या लहान गावातून काही चांगले निपजेल याविषयी नथनेलाने आरंभी शंका व्यक्त केली. येशूने त्याच्या निष्कपट स्वभावाची प्रशंसा केली व फिलिप्पाने बोलावण्यापूर्वीच त्याला अंजिराच्या झाडाखाली पाहिल्याचे सांगितले, तेव्हा त्याचा संशय फिटला. पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठी येशूचे दर्शन झालेल्या शिष्यांतही नथनेलाचा समावेश आहे. यापलीकडे त्यांच्या आयुष्याविषयी बायबलमध्ये माहिती मिळत नाही.

भारताशी संबंध

४थ्या शतकातील चर्चचा इतिहासकार युसेबियस याने नोंदविलेली हकिगत या संदर्भात सर्वांत महत्त्वाची आहे. अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख पँटीनस हे २ऱ्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मप्रचारासाठी भारतात गेले. तेथील काही लोकांजवळ मत्तयाचे शुभवर्तमान हिब्रू लिपीत आधीपासूनच होते आणि ते बर्थलमयांनी तेथे ठेवले होते, असे युसेबियस सांगतो. जेरोम यानेही हीच हकिगत दिली आहे.

या नोंदीचा अर्थ लावताना 'भारत' या शब्दाची अडचण येते. त्या काळातील ग्रीक व लॅटिन लेखक दक्षिण अरबस्तान आणि इथिओपिया यांनाही कधीकधी याच नावाने संबोधत. त्यामुळे पँटीनस अरबस्तानात गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या बाजूस, अलेक्झांड्रिया व पश्चिम भारत यांच्यात त्या काळी नियमित सागरी व्यापार चालत असे. १ल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात भडोच, सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण व तेर या दख्खनमधील बाजारपेठा यांचा उल्लेख आहे. त्यामुळे असा प्रवास अशक्य नव्हता. मात्र त्याच ग्रंथानुसार कल्याण बंदरातील परकीय व्यापारावर त्या काळी निर्बंध आले होते आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

कल्याण व पैठणविषयक मते

बर्थलमयांच्या हौतात्म्याच्या उत्तरकालीन लॅटिन कथेत भारतातील पोलिमियस नावाचा राजा येतो. प्रेषितांनी त्याच्या कन्येला व्याधीमुक्त केले, बदल्यात देऊ केलेले धन नाकारले आणि राजाने बाप्तिस्मा घेतला. यामुळे संतापलेला राजाचा भाऊ अस्ट्रेजिस याने प्रेषितांचा वध करविला, असे ही कथा सांगते. पोलिमियस म्हणजे सातवाहन राजा पुळुमावी असावा, असे अनुमान काही अभ्यासकांनी केले आहे. पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर) ही पुळुमावीची राजधानी होती व टॉलेमीच्या भूगोलातही तसा निर्देश आहे. तथापि वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा काळ सामान्यतः २ऱ्या शतकात धरला जातो. तो येशूच्या समकालीन शिष्याशी जुळत नाही. शिवाय ही कथा घटनेनंतर कित्येक शतकांनी रचली गेली.

दुसऱ्या एका प्राचीन नोंदीत बर्थलमयांनी 'सुखी' म्हटल्या जाणाऱ्या भारतीयांना उपदेश केल्याचे म्हटले आहे. हे विशेषण 'कल्याण' या नावाचे भाषांतर असावे, असे ए. सी. पेरुमालील यांनी प्रतिपादन केले. हाच शब्द अरबस्तानालाही लावला जात असल्याने हा पुरावा निर्णायक ठरत नाही.

कोकणातील प्राचीन ख्रिस्ती वस्तीविषयी मात्र स्वतंत्र पुरावा आहे. ६व्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने कल्याण येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. १४व्या शतकात ओदोरिक या प्रवाशाने ठाण्यातील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांची नोंद केली. म्हणजेच १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी शेकडो वर्षे या भागात ख्रिस्ती लोक राहत होते. ही वस्ती बर्थलमयांच्या उपदेशातून निर्माण झाली, असे मात्र या नोंदींतून सिद्ध होत नाही. केरळमधील संत थॉमस यांच्या परंपरेप्रमाणे अखंड चालत आलेली समाजस्मृती कोकणात आढळत नाही.

मृत्यू व अवशेष

आर्मेनियातील अल्बानोपोलिस येथे त्यांना जिवंतपणी कातडी सोलून ठार मारण्यात आले, अशी प्रचलित परंपरा आहे. काही कथांत शिरच्छेदाचा उल्लेख येतो. त्यांचे मानले जाणारे अवशेष इटलीतील लिपारी बेटावरून ९व्या शतकात बेनेव्हेन्तो येथे नेण्यात आले. रोममधील तायबर नदीच्या बेटावरील चर्चमध्येही त्यांचे अवशेष असल्याचे मानले जाते.

स्मरण

रोमन कॅथलिक चर्चमध्ये त्यांचा सण २४ ऑगस्ट रोजी साजरा होतो. १५७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे हत्याकांड याच सणाच्या दिवशी सुरू झाल्याने ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. चर्मकाम करणारे कारागीर व पुस्तकबांधणी करणारे त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. चित्रांत त्यांच्या हाती सुरी किंवा सोललेली कातडी दाखवितात. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलमधील 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रात त्यांना याच रूपात रंगविले आहे. त्या कातडीवरील चेहरा स्वतः चित्रकाराचा असल्याचे मानले जाते.