विद्यार्थिव्रती विश्वेश्वरय्या

बंगळूर नगरीच्या पश्चिम भागात राजाजीनगर नावाचे मोठे उपनगर आहे. स्वातंत्र्योत्तर काळात वसलेल्या या उपनगरास चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव देण्यात आले. राजाजींचे काही शिक्षण बंगळूरच्याच सेंट्रल कॉलेजात झाले होते. आज राजाजीनगरातून मेट्रो गाडीने निघालेला विद्यार्थी मॅजेस्टिक येथे गाडी बदलतो आणि पुढच्याच स्थानकावर त्या कॉलेजाजवळ उतरतो. त्या स्थानकास मात्र राजाजींच्याही आधी तेथे शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव आहे. तो विद्यार्थी म्हणजे सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या.

कावेरीवरील कृष्णराजसागर धरणामुळे हे नाव भारतभर दुमदुमले. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांची कीर्ती झाली आणि १९५५ साली ‘भारतरत्न’ हा बहुमान त्यांना लाभला. परंतु धरणाची भिंत जशी नदीच्या तळाखालील खडकावर उभी असते आणि तो खडक कोणास दिसत नाही, तसेच थोर पुरुषांच्या कर्तृत्वाचेही असते. विश्वेश्वरय्यांच्या कर्तृत्वाचा खडक त्यांच्या विद्यार्थिदशेत घातला गेला. आपल्या घरातील मुलांकडे पाहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने तो पाहून घ्यावा, इतका तो बोधप्रद आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांचे पूर्वज आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम् या गावचे. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, धर्माचरण होते, परंतु धन नव्हते. त्यातच विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पतीच्या मागे मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या मातोश्रींचा धीर हाच आता त्या कुटुंबाचा आधार उरला.

चिक्कबळ्ळापूर येथील प्राथमिक शिक्षण संपल्यावर हा मुलगा बंगळुरास आला. तेथे त्याचे मामा रामय्या राहत असत. मामांचा आश्रय मिळाला, तरी त्यांच्यावर सर्व भार टाकणे उचित नव्हते. म्हणून त्याने एका संपन्न कुटुंबातील मुलांना शिकविण्याचे काम पत्करले. मुक्काम त्या घरी, जेवण मामांकडे आणि शिक्षण सेंट्रल कॉलेजात, असा त्याचा दिनक्रम होता. या तिन्ही ठिकाणांमधील अंतर तो पायीच तोडीत असे.

या स्थितीचा क्षणभर विचार करावा. दरिद्री विद्यार्थ्याच्या वाटेवर दोन शत्रू दबा धरून बसलेले असतात. एक दैन्य आणि दुसरा मत्सर. दैन्य त्याला सांगते की तुझ्यासारख्या अभाग्याच्या हातून काय होणार? मत्सर सांगतो की इतरांना जे न मागता मिळाले ते तुला का नाही? ज्याला प्रत्यही दुसऱ्याच्या वैभवात वावरून पुन्हा आपल्या पुस्तकाकडे वळावे लागते, त्याला तर या शत्रूंशी रोज झुंजावे लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्य स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असल्याचे जे तत्त्व सांगितले आहे, त्याची खरी परीक्षा अशा वेळी होते.

विश्वेश्वरय्यांनी या शत्रूंशी वाद घातला नाही. त्यांनी आपला दिवसच असा बांधून टाकला की त्या शत्रूंना शिरकाव करण्यास जागाच राहिली नाही. शिकविण्याच्या वेळी शिकविणे, चालण्याच्या वेळी चालणे, अभ्यासाच्या वेळी अभ्यास. घेतलेले काम वेळेवर आणि नीटनेटके करावयाचे, हा नियम त्यांच्या अंगी इतका मुरला की पुढे आयुष्यभर लोक त्यांच्या वक्तशीरपणाचे आणि टापटिपीचे कौतुक करीत राहिले. इंद्रियनिग्रह म्हणजे देहाला क्लेश देणे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु गीतेने युक्त आहार, युक्त विहार आणि कर्मांतील युक्त चेष्टा यांनाच योगाचे साधन मानले आहे. या अर्थाने पाहता बंगळूरच्या रस्त्यांवरून पुस्तके घेऊन चालणारा तो मुलगा नकळत एक योगच आचरीत होता.

आत्मसंयमी विद्यार्थ्याला गुरूची कृपा मागावी लागत नाही, ती आपण होऊन येते. सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचे लक्ष या गरीब परंतु गणितात निपुण अशा विद्यार्थ्याकडे गेले. त्यांनी आपल्याजवळचा वेब्स्टरचा मोठा शब्दकोश त्याला प्रेमाने भेट दिला. हे वात्सल्य इतके टिकाऊ होते की पुढे मृत्युपत्रातही त्यांना या शिष्याची आठवण राहिली. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या पत्नीने सोन्याच्या गुंड्या विश्वेश्वरय्यांकडे पोहोचविल्या. गुरू परदेशीय आणि शिष्य मुद्देनहळ्ळीचा. परंतु जेथे एका बाजूस निरपेक्ष प्रेम आणि दुसऱ्या बाजूस निष्ठेचा अभ्यास असतो, तेथे देशाची आणि वंशाची भिंत उरत नाही.

१८८०-८१ च्या सुमारास विश्वेश्वरय्या मद्रास विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. आता पुढे काय, हा प्रश्न होता. म्हैसूरचे तत्कालीन दिवाण रंगाचार्लू यांच्या साहाय्याने त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि स्थापत्यशास्त्राच्या अध्ययनासाठी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. प्रांत परका, सभोवतालची मराठी भाषा परकी. परंतु संयमी विद्यार्थी आपली शिस्त बरोबर घेऊन जातो, त्यामुळे त्याला कोणतेही गाव परके राहत नाही. १८८३ साली एल. सी. ई. आणि एफ. सी. ई. या परीक्षांमध्ये त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला आणि जेम्स बर्कले पारितोषिक मिळविले. या यशामुळेच १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक झाली. प्रथम नाशिक आणि नंतर खानदेश असा त्यांच्या सेवेचा प्रारंभ महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला.

परीक्षेतील यशाने विद्या सिद्ध होते, परंतु शील सिद्ध होण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. ती लवकरच आली. धुळ्याच्या बाजूस पांझरा नदीच्या एका प्रवाहातून नळाचा उलटा वक्रनलिका-मार्ग, म्हणजे सायफन, बांधण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे सोपविण्यात आले. नदी वाळूने भरलेली, त्यातच पावसाळा सुरू झालेला. पुराने केलेले काम पुन्हा पुन्हा बिघडू लागले. तेव्हा पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांचे उत्तर कठोर आले. या मागणीत त्यांना शिस्तीचा आणि उत्साहाचा अभाव दिसला.

प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या, चोविशीही न गाठलेल्या तरुणाच्या मनाला हे बोल किती लागले असतील! अशा प्रसंगी दोन मार्ग सोपे असतात. एक म्हणजे रागाने उलट लिहिणे, दुसरा म्हणजे खचून जाणे. विश्वेश्वरय्यांनी दोन्ही टाळले. पुराचे पाणी अडले तर वाट पाहिली, ओसरले की पुन्हा माणसे लावली आणि ते काम त्यांनी त्याच हंगामात पुरे करून दाखविले. नंतर वरिष्ठांचेही त्यांच्याविषयीचे मत पालटले. बंगळूरच्या शिकवणीच्या घरात दैन्याला आणि मत्सराला ज्या शस्त्राने जिंकले होते, त्याच शस्त्राने पांझरेच्या काठी त्यांनी क्रोधाला जिंकले. ते शस्त्र म्हणजे समोरचे काम.

यानंतरची परीक्षा लोभाची होती. पुण्याजवळील खडकवासला धरणाच्या जलाशयातून पावसाळ्यात पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून वाया जात असे. धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठविण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे योजिले. ते १९०३ च्या सुमारास बसविण्यात आले आणि साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढविता आली. या शोधाचे स्वामित्व त्यांच्या नावे नोंदविलेले होते. त्यापासून धन मिळविणे हा कायद्याने त्यांचा अधिकार होता. परंतु ज्या कामावर आपण सरकारी नोकर म्हणून वेतन घेतो, त्याच कामातून वेगळा मोबदला घेणे त्यांना उचित वाटले नाही, आणि त्यांनी तो घेतला नाही. ज्याने बालपणी अभाव सोसला, तो पुढे धनाला हपापतो असे जगात पुष्कळदा दिसते. येथे मात्र अभावाने तृष्णा न वाढता विवेक वाढला होता.

सर्वांत अवघड परीक्षा सत्तेची. १९१२ साली म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाणपद दिले. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या आप्तेष्टांना बोलाविले आणि कोणीही आपल्याकडे शिफारस किंवा मेहेरबानी मागावयाची नाही असे वचन घेतले, ही गोष्ट त्या प्रांतात आजही सांगितली जाते. त्यांच्या कारकिर्दीत १९१३ साली म्हैसूर बँक, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ साली बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ज्या मुलाला अभियंता होण्यासाठी पुण्यास जावे लागले होते, त्याने आपल्या प्रांतातील मुलांसाठी घराजवळच ते द्वार उघडले.

पुढे १९१८ साली एक गंभीर मतभेद उपस्थित झाला. शासकीय नोकऱ्यांपासून दीर्घकाळ वंचित राहिलेल्या समाजांना त्यांत योग्य वाटा मिळावा, या हेतूने महाराजांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केवळ गुणवत्ता हाच निकष असावा असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. या प्रश्नात पुढील काळाने महाराजांच्या दूरदृष्टीला मान दिला आहे. थोर पुरुषाचे प्रत्येक मत स्वीकारलेच पाहिजे असे नाही. परंतु मत न पटल्यावर तो कसा वागतो, हे मात्र शिकण्यासारखे असते. विश्वेश्वरय्यांनी पदाला चिकटून राहून आतून विरोध केला नाही. ते पदावरून दूर झाले. आणि १९२३ साली भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अडचणीत असताना त्याच म्हैसूर सरकारने त्यांना बोलाविले, तेव्हा मागील कटुता मनात न ठेवता ते आले. त्यांनी तो कारखाना सावरला. त्या कामाबद्दल त्यांना देय असलेली रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता तरुणांना व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी वळविली आणि त्या संस्थेस आपले नव्हे, तर राजपुत्र जयचामराजेंद्र यांचे नाव देण्यात आले.

विद्यार्थिदशेत जडलेला नियम वार्धक्यातही सुटला नाही. वयाच्या नव्वदीनंतरही त्यांनी गंगेवरील पुलाची जागा ठरविण्याच्या कामात मार्गदर्शन केले. बिहारमधील मोकामा येथे तो पूल उभा राहिला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्यांनी कामाविषयी भरभरून लिहिले, परंतु बालपणीच्या हालांना फारच थोडी जागा दिली. सोसलेल्या कष्टांचे भांडवल न करणे, हाही एक संयमच होय. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी बंगळूर येथे देह ठेवला.

या चरित्रातून विद्यार्थ्याने काय घ्यावे? प्रत्येकाला धरण बांधावयाचे नाही, की दिवाणपदी बसावयाचे नाही. परंतु प्रत्येकाला सकाळी ठरलेल्या वेळी उठता येते. हाती घेतलेला धडा पुरा केल्यावाचून न उठणे, दुसऱ्याच्या ताटाकडे न पाहणे, कोणी दोष दाखविला तर उत्तर कामातून देणे, हे प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. मन चंचल आहे हे भगवंतांनी अर्जुनाजवळ मान्य केले, परंतु अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरता येते हेही सांगितले. तो अभ्यास अरण्यात जाऊनच करावा लागतो असे नाही. तो शाळेच्या वाटेवर, दिव्याखालच्या पाटावर आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही करता येतो.

आणि गृहस्थाश्रमी माता-पित्यांनी काय घ्यावे? मुलाला सर्व सुखे देता आली नाहीत, म्हणून खंत करण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्यांच्या मातोश्रींजवळ देण्यासारखे धन नव्हते. मामांजवळ देण्यासारखे एक ताट होते, प्राचार्यांजवळ एक शब्दकोश होता. तेवढ्यावर एक जीवन घडले, कारण ते घेणारा स्वतःला आवरण्यास शिकला होता. मुलांना साधने कमी-अधिक मिळतील. घरात वेळेचा, वाणीचा आणि वर्तनाचा नियम मोठ्यांनी प्रथम स्वतः पाळला, तर तो मुलांना न सांगता मिळेल. कोणत्याही संकटात हिरावून घेता न येणारे धन म्हणून तेवढेच त्यांच्याजवळ अखेरपर्यंत राहील.