बिराजदार विरुद्ध आजचा मल्ल : कुस्ती लागलीच तर जिंकणार कोण? बनारसची लढत काय सांगते?

माळेगावची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्तीचा फड संपला की चहाच्या टपरीवर एक वाद हमखास रंगतो. आजचा महाराष्ट्र केसरी आणि ऐन भरातले हरिश्चंद्र बिराजदार समोरासमोर आले असते, तर पाठ कोणाची लागली असती? जुनी माणसं एका क्षणात बिराजदारांचं नाव घेतात. मोबाईलवर कुस्ती बघणारी पोरं आजच्या मल्लाचं वजन, जिम आणि डाएट पुढे करतात.

ही कुस्ती कधीच होणार नाही. बिराजदार यांचं निधन होऊन दीड दशक होत आलं. तरीही प्रश्न निरर्थक नाही. त्याचं उत्तर शोधायला गेलं की निलंगा तालुक्यातल्या एका पोराचा सगळा प्रवास समोर येतो. तो समजून घेऊया.

कोण होते हरिश्चंद्र बिराजदार?

जन्म १९५० चा. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. तेव्हा लातूर जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. त्याआधी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

गावात लाल माती होती, जत्रेतल्या कुस्त्या होत्या. पण मोठा पैलवान व्हायचं तर वस्ताद हवा, जोडीला तोडीस तोड मल्ल हवेत आणि दूध-तूप-बदामाचा रोजचा खुराक हवा. हे तिन्ही एका जागी मिळत होतं ते कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून तिथल्या तालमींना राजाश्रयाची परंपरा होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या होतकरू पोराला घर सोडून तीनशे किलोमीटरहून लांब जाण्यावाचून पर्याय नव्हता. बिराजदारही गेले आणि गंगावेश तालमीत घडले.

लातूरच्याच मैदानात गाजलं नाव

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली. १९६९ मध्ये ती लातूरला भरली आणि किताब पटकावला तो बिराजदार यांनी. वय १९. कोल्हापूरला जाऊन शिकलेला मुलगा आपल्याच मुलखातल्या मैदानात राज्याचा अव्वल मल्ल ठरला.

पुढचं वर्ष त्याहून मोठं निघालं. १९७० मध्ये एडिनबर्गला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने त्या स्पर्धेत पाच सुवर्णपदकं जिंकली आणि पाचही कुस्तीत. त्यातलं एक बिराजदार यांचं होतं.

१९७२ मध्ये ते रुस्तम-ए-हिंद झाले. हे तेच वर्ष, ज्या वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता आणि मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला रोजगार हमीच्या कामांवर जात होती. अशा काळात आपल्या भागातला मल्ल देशातला मानाचा किताब घेऊन येतो, याचं मोल इथल्या लोकांसाठी पदकापेक्षा जास्त होतं.

कागदावर कोण भारी? १९७७ चा पेपर सोडवून पाहा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन मल्लांमध्ये कोण जिंकेल याचा अंदाज बांधताना साधारणपणे चार गोष्टी पाहतात : वय, वजन-उंची, अलीकडची कामगिरी आणि तयारीची जागा. हे चार निकष १९७७ च्या एका खऱ्या लढतीला लावून पाहू. लढत बनारसची. एका बाजूला बिराजदार, दुसऱ्या बाजूला दिल्लीचे सतपाल.

- वय : बिराजदार २७, सतपाल २२. ताकद आणि दमसास वाढत्या वयाच्या बाजूने.
- शरीर : सतपाल धिप्पाड, जड गटाचे मल्ल. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी १०० किलो गटात सुवर्ण जिंकलं.
- कामगिरी : १९७४ मध्ये सतपाल यांना राष्ट्रकुल रौप्य, आशियाई कांस्य आणि अर्जुन पुरस्कार. बिराजदार यांचं राष्ट्रकुल सुवर्ण सात वर्षं जुनं.
- तयारी : सतपाल यांच्यामागे गुरू हनुमान यांचा दिल्लीतला नावाजलेला आखाडा. शिवाय मैदान उत्तरेतलं, म्हणजे महाराष्ट्राच्या मल्लासाठी परकं.

चारही निकषांची बेरीज केली तर पारडं सतपाल यांच्याकडे झुकतं. एखाद्या सॉफ्टवेअरला ही माहिती दिली असती, तर त्यानेही बहुधा हाच कौल दिला असता.

कुस्ती मात्र बिराजदार यांनी जिंकली. पन्नास वर्षं होत आली, तरी महाराष्ट्रात बिराजदार म्हटलं की आधी ही बनारसची कुस्ती आठवते.

मग अंदाज चुकतो कुठे?

असे काल्पनिक सामने जगभर लावले जातात. गंमत म्हणजे, बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग थेट कॉम्प्युटरवर झाला. मुष्टियुद्धातले दोन हेवीवेट जगज्जेते, रॉकी मार्सियानो आणि मोहम्मद अली, एकमेकांशी कधीच लढले नव्हते. मार्सियानो ४९ लढती जिंकून अपराजित निवृत्त झाले होते. दोघांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली गेली आणि दोघांना रिंगणात उतरवून लढतीचं चित्रीकरण केलं गेलं. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो दाखवला गेला, तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकले. पण चित्रीकरण करताना शेवट एकापेक्षा जास्त करून ठेवले होते! आणि जिंकलेले मार्सियानो हा निकाल पाहायला हयात नव्हते. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

अडचण कॉम्प्युटरची नव्हती. जे मोजता येतं तेवढंच गणितात येतं. समोरच्याचा डाव सुरू होण्याआधी ओळखणं, वजनदार मल्लाला दमवून योग्य क्षणाची वाट पाहणं, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. वस्ताद वर्षानुवर्षं मातीत घोळवून घेतात ते यासाठीच.

माती की मॅट? इथे निकाल बदलू शकतो

दुसरा मुद्दा नियमांचा. मातीतल्या पारंपरिक कुस्तीचा खरा निकाल एकच : चितपट. गुणांची घाई नसते, लढत लांबली तरी चालते. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. पाय वर्तुळाबाहेर पडला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण. दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत संपली. बचाव करत उभं राहिलं तरी गुण जातो.

त्यामुळे सरळ तुलना करायची तर असं म्हणता येईल : आजच्या नियमांची सवय असलेल्या मल्लाला मॅटवर सुरुवातीचा फायदा मिळेल, मातीत वेळेचं बंधन नसेल तर पारडं बिराजदार यांच्याकडे जाईल.

पण इथे एक गोष्ट विसरली जाते. एडिनबर्गचं सुवर्ण बिराजदार यांनी मॅटवरच जिंकलं होतं. मातीत वाढलेल्या विशीतल्या पोराने परदेशात जाऊन परक्या गादीवर, घड्याळ लावलेल्या लढतीत ते मिळवलं. म्हणजे ते फक्त मातीतले मल्ल होते, हा समज खरा नाही. आजचे नियम शिकायला त्यांना किती दिवस लागले असते, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर शिष्यांनी दिलं

लढती थांबल्यावर बिराजदार पुण्यात वस्ताद झाले. गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. कुस्ती क्षेत्र त्यांना मामा म्हणून ओळखू लागलं. लातूर जिल्ह्यातले काका पवार त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. खेळासाठी आयुष्य दिल्याबद्दल बिराजदार यांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हाही त्यांचाच शिष्य. मामांच्या पश्चात तो काका पवार यांच्याकडे घडत राहिला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं. आजची मॅट, आजचे नियम, आजचा वेग. गुरूच्या सुवर्णानंतर ४८ वर्षांनी त्याच स्पर्धेत शिष्याचं सुवर्ण. राहुलने ते पदक बिराजदार यांना अर्पण केलं.

काल्पनिक कुस्तीचं उत्तर हवंच असेल, तर त्याच्या सर्वात जवळ जाणारा पुरावा हाच आहे. बिराजदार यांची विद्या आजच्या नियमांसमोर उतरली आणि जिंकली.

मराठवाड्यासाठी खरा प्रश्न कोणता?

बिराजदार कोल्हापूरला गेले. पुढच्या पिढ्या पुण्याला गेल्या. लातूर, नांदेड, बीडची पोरं अजूनही खुराकाचा आणि खोलीभाड्याचा हिशेब करून पुण्याची गाडी धरतात. ज्याच्या घरी तो हिशेब जुळत नाही, त्याची कुस्ती जत्रेतल्या इनामावरच थांबते.

म्हणून पुढच्या यात्रेत टपरीवर हा वाद पुन्हा रंगेल, तेव्हा जुने विरुद्ध नवे यावर जरूर भांडा. पण जाता जाता फडात लंगोट बांधून उभ्या असलेल्या पोरांकडेही एकदा बघा. १९६० च्या दशकात रामलिंग मुदगडच्या मुलावर कागदावरचा अंदाज पाहून कोणीही पैज लावली नसती.