जॉन कॉटन यांचे बालबोध पुस्तक

इ. स. १६३३ च्या ऑगस्टात ‘ग्रिफिन’ जहाज अटलांटिक ओलांडीत असता जॉन कॉटन यांना मुलगा झाला. नाव ठेविले सीबॉर्न, म्हणजे सागरजन्मा. बाप स्वतः धर्मोपदेशक; तरी जहाजावर मुलाचा बाप्तिस्मा झाला नाही. पाण्याची अडचण नव्हती. जेथे मंडळी नाही तेथे उपदेशकाला तो अधिकार नाही, असे कॉटन यांचे मत होते. सप्टेंबरात अमेरिकेतील बोस्टनला उतरून ते तेथील मंडळीत सामील झाले, तेव्हाच लेकराचा बाप्तिस्मा झाला.

कॉटन मूळचे डर्बीचे, केंब्रिजला शिकलेले. १६१२ पासून लिंकनशायरमधील बोस्टन गावी ते उपदेशक होते. प्यूरिटन मतांमुळे तेथे राहणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी इंग्लंड सोडले. नव्या गावच्या मंडळीत त्यांचे पदच मुळी ‘शिक्षक’ असे होते.

त्यांच्या प्रवचनांच्या ओढीने अ‍ॅन हचिन्सन ही बाई १६३४ मध्ये कुटुंबासह मागोमाग आली. ती घरी बायका जमवून त्या प्रवचनांची चर्चा करी. पुढे तिची मते वडीलधाऱ्यांना खपेनात. १६३७ मध्ये तिला हद्दपारीची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी मंडळीसमोर तिची चौकशी झाली. तेथे तिचा मुलगा व जावई तिच्या बाजूने उभे राहिले. तिला ताकीद देण्याचे काम आले ते कॉटन यांच्यावरच. त्यांनी त्या दोघांनाही सोडले नाही. गुरूला याहून कठीण प्रसंग तो कोणता! मला तर त्यांनी तो नीट निभावला असे वाटत नाही.

१६४६ मध्ये लंडनला त्यांचे मुलांसाठी लिहिलेले छोटे पुस्तक निघाले. त्यात चौसष्ट प्रश्न आणि त्यांची उत्तरे होती. आईबापांचा मान राखण्याची जी आज्ञा, तीत घरातले, शाळेतले, मंडळीतले व राज्यातले सगळेच वडीलधारे येतात, असे तेथे मुलांना शिकविले आहे. मंडळी म्हणजे कराराने एकत्र बांधलेली माणसे, हेही तेथेच. जन्मभूमी न पाहिलेली मुले रानात वाढून सारे विसरतील, ही धास्ती त्या वसाहतीत घरोघर होती. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लिहावाचायला शिकविणारा शिक्षक नेमणे भाग पडले.

त्याच वर्षी कॉटन यांनी स्तोत्रगायनावर पुस्तक लिहिले. स्तोत्रे मोठ्याने, सर्वांनी मिळून गावी. घरी वाद्य घेण्यास हरकत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकेक ओळ आधी म्हणून दाखवावी. ही रीत आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना नवी नाही!

कॉटन १६५२ मध्ये वारले. ते पुस्तक १६९१ मध्ये तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतही उतरले, आणि पुढे ‘न्यू इंग्लंड प्रायमर’मध्ये समाविष्ट होऊन कित्येक पिढ्यांच्या हाती राहिले. सीबॉर्न मोठेपणी हॅम्प्टन गावी धर्मोपदेशक झाला.