'ग्रेट गॅट्सबी' लिहिणाऱ्या फिट्झजेराल्डला खाडीपलीकडचे श्रीमंत आपलं का मानत नव्हते?

२०१३ साली 'द ग्रेट गॅट्सबी' हा हॉलिवूडचा पिक्चर आला. आपल्याकडं त्याची चर्चा झाली ती अमिताभ बच्चनमुळं. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या या पिक्चरमध्ये बिग बी थोड्या वेळासाठी दिसले होते. पण ज्याच्या कादंबरीवर पिक्चर बनला, त्या स्कॉट फिट्झजेराल्डची स्टोरी आपल्याकडं फारशी कुणाला माहीत नाही.

हा गडी जन्मला १८९६ साली, अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात. वडिलांचा फर्निचरचा धंदा बुडाला, पुढं सेल्समनची नोकरीही गेली. घर चालायचं ते आईच्या माहेरच्या पैशावर. शहरातले बडे लोक समिट अव्हेन्यूला राहायचे आणि फिट्झजेराल्ड कुटुंब त्याच भागात भाड्याची घरं बदलत फिरायचं. खेळायला श्रीमंतांची पोरं, पण बंगला आपला नाही.

प्रिन्स्टनला शिकताना, १९१५ साली त्याला जिनेव्रा किंग भेटली. ती शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टची, बड्या घराण्यांच्या उपनगरातली. गरीब पोरांनी श्रीमंत पोरींशी लग्नाचा विचार करू नये, अशा अर्थाचं वाक्य त्याच काळात त्याच्या कानावर पडलं. त्यानं ते वहीत टिपून ठेवलं. १९१८ मध्ये जिनेव्राचं लग्न एका श्रीमंत घरात झालं.

मग झेल्डा सेयर भेटली. ती न्यायाधीशाची मुलगी. साखरपुडा झाला, पण जाहिरात कंपनीतल्या फिट्झजेराल्डच्या पगारात भागणार नाही, म्हणून तिनं तो मोडला. मार्च १९२० मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, तुफान चालली आणि आठवडाभरात लग्न! पैसा आला की दारं उघडतात, हे त्यानं तेव्हा बघितलं. कुठली उघडत नाहीत, ते पुढं कळलं.

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये जोडपं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकमध्ये राहायला आलं. भाडं महिना ३०० डॉलर, दारात सेकंडहँड रोल्स रॉईस. इथं नाटक-सिनेमावाले, पत्रकार आणि दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकून गब्बर झालेली मंडळी राहायची. आपल्या भाषेत सांगायचं तर गुंठामंत्र्यांचं गाव. रात्रभर पार्ट्या चालायच्या.

समोर मॅनहॅसेटची खाडी. पलीकडं मॅनहॅसेट आणि सँड्स पॉइंटला व्हिटनींसारखी घराणी. त्यांना पैसा दाखवायची गरजच नव्हती, आडनाव पुरेसं होतं. बंगले दोन्हीकडं मोठेच होते. फरक एवढाच, की ग्रेट नेकवाल्यांचा पैसा कुठून आला हे सगळे विचारायचे आणि पलीकडच्यांना कुणी विचारायचं नाही.

फिट्झजेराल्ड या अलीकडच्या लोकांतला होता. १९२३ साली त्यानं साधारण ३६,००० डॉलर उडवले. नाटक लिहिलं, ते पडलं. कर्ज झालं, मग गॅरेजवरच्या खोलीत बसून मासिकांसाठी कथांचा रतीब घातला. आणि पठ्ठ्यानं एवढे पैसे कसे उडतात यावरच लेख लिहून तोही विकला.

१९२४ मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथं त्यानं ग्रेट नेकचं 'वेस्ट एग' केलं आणि पलीकडच्या किनाऱ्याचं 'ईस्ट एग'. चोरट्या धंद्यात पैसा करून, खाडीपलीकडं राहणाऱ्या जुन्या प्रेयसीसाठी पार्ट्या देणारा गॅट्सबी असा जन्मला. त्या डेझीत जिनेव्राची छटा आहे, असं अभ्यासक मानतात.

एप्रिल १९२५ मध्ये कादंबरी आली, पण अपेक्षेएवढी खपली नाही. पुढं झेल्डाचं मानसिक आजारपण, उपचारांचा खर्च, लेकीचं शिक्षण, त्याची दारू. शेवटी पोटासाठी हॉलिवूडमध्ये पटकथा लिहिल्या. २१ डिसेंबर १९४० ला हार्ट अटॅकनं तो गेला, वय ४४. शेवटचा रॉयल्टीचा चेक होता १३ डॉलर १३ सेंटचा. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती अजून गोदामात पडून होत्या.

मग दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाचायला म्हणून या कादंबरीच्या सुमारे १,५५,००० प्रती फुकट वाटल्या गेल्या. आज ती अमेरिकेतल्या शाळाशाळांत शिकवली जाते.